वाटणीला आलेली लिली

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार ११२ पानांचा होता. लिफ्ट किती माणसांची, फरशी किती बाय कितीची, ओट्याच्या ग्रॅनाइटचा रंग कोणता, सगळं त्यात होतं. पाण्याच्या टाकीपासून मागच्या फाटकापर्यंत भिंतीला लागून जो लिलीचा वाफा होता, त्याच्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. वकिलांना तरी काय बोलणार? गेली पाच-सहा वर्षं आम्हीही त्या वाफ्याकडे धड पाहिलं नव्हतं. पानं उदंड, फूल नावाला. गल्लीतली पिठाची गिरणी बंद पडते तशी आमची लिली बंद पडली होती, आणि गिरणीइतकीही तिची चौकशी कुणी केली नव्हती.

शेवटच्या सभेत ३१ मार्चला जागा रिकाम्या करायचं ठरलं. चहाचे कप गोळा होत असताना तळमजल्यावरच्या आजी उठून म्हणाल्या, "आणि लिलीचं काय?" कुणीतरी हसलं. आजी बसल्या नाहीत. १९७८ साली इथं राहायला आल्या तेव्हा माहेरच्या अंगणातले तीन कांदे त्यांनी फडक्यात बांधून आणले होते. ते जेसीबीच्या दातांखाली जाऊ देणार नाही, असं त्यांनी अध्यक्षांना ठणकावून सांगितलं. ठराव वगैरे काही झाला नाही, पण पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता नऊ घरची माणसं पिशव्या-बादल्या घेऊन भिंतीपाशी हजर होती. एकाने तर चाकांची प्रवासी बॅग आणली होती.

माळीमामा पहार घेऊन आले. आल्याआल्या त्यांनी खणायला सुरुवात केली नाही. आधी पानांचे झुपके सुतळीने बांधले, मग प्रत्येक झुपक्यापासून वीतभर लांब, गोल रिंगण धरून पहार घालत गेले. "ताई, कांदा खणायचा नसतो, त्याच्या बाजूची माती खणायची असते." रिंगण पुरं झाल्यावर दोघांनी दोन बाजूंनी पहार दाबली आणि पाटीएवढा गड्डा मातीसकट वर आला. नळीने धुतला तेव्हा आतले कांदे दिसायला लागले. एकमेकांच्या अंगावर रेललेले, दाबून चपटे झालेले, काही तर आडवे वाढून मान वर काढलेले. त्या एका गड्ड्यात ३७ कांदे निघाले. मोठा कांदा टेबलटेनिसच्या चेंडूपेक्षा जेमतेम मोठा. लहान होते ते लसणाच्या पाकळीएवढे.

"बघा, दाटी झाली म्हणून फूल येत नव्हतं," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पुढचे तीन-चार महिने मी वसईची एक वाडी, यवतच्या पलीकडचं एक शेत आणि बरीच पुस्तकं पालथी घातली. ती मान डोलावणं अर्धवट होतं, हे त्यानंतर कळलं.

मुळात आमच्या वाफ्यात चार वेगवेगळ्या झाडांना आम्ही लिली म्हणत होतो, आणि त्यातलं एकही झाड लिली नव्हतं. मार्चमध्ये भोंग्यासारखी लाल फुलं देणारी, पाकळीच्या मधोमध पांढरा पट्टा असलेली ती हिपिअ‍ॅस्ट्रम, म्हणजे नर्सरीवाल्यांची 'अमरेलिस'. मेमध्ये पानांच्या आधी लाल चेंडू वर काढणारी ती फायरबॉल, आमच्याकडची 'मे फ्लॉवर'. पाकळ्यांच्या जागी पांढऱ्या दोऱ्या लोंबणारी ती स्पायडर लिली. आणि पहिल्या पावसानंतर रातोरात उगवणारी गुलाबी, वीतभर उंचीची ती पावसाळी लिली. चारही एकाच घराण्यातल्या, पण ते घराणं खऱ्या लिलीचं नव्हे. खऱ्या लिलीच्या कांद्याला बाहेरून कागदी पापुद्रा नसतो. त्याचे खवले लसणासारखे सुटे असतात, आणि त्याला थंडी लागते. पॉलिहाउसमध्ये फुलते आणि गुच्छांतून मिळते ती ती. भारतात तिचं एक रानटी भावंड निलगिरीपर्यंत उतरलं आहे, पण आपल्या सह्याद्रीत ते नाही. पुण्यातल्या भिंतीकडेला तीस-चाळीस वर्षं जी लिली नांदते, ती हमखास दुसरी कुणीतरी असते.

हा तपशील नावाच्या हौसेपोटी सांगत नाही. चौघींच्या जमिनीखालच्या चालीरीती निराळ्या आहेत, आणि आम्ही चौघींना एकच पहार लावायला निघालो होतो.

पहारेखाली एक कांदा उभा चिरला गेला. माळीमामा हळहळले, मला मात्र आयताच धडा मिळाला. स्वयंपाकघरातला कांदा उभा कापला की दिसतं तेच. तळाशी पांढरी टणक चकती, तिच्यावर एकात एक बसवलेली आवरणं. ती चकती म्हणजे खोड. सबंध झाडाचं खोड दाबून दाबून रुपयाच्या नाण्याएवढं केलेलं. आवरणं म्हणजे पानांचे फुगलेले बुंधे, त्यात साठवलेलं अन्न. आणि कुठल्याही फांदीवर पानाच्या बगलेत डोळा असतो, तसा इथंही दोन आवरणांच्या बेचक्यात डोळा असतो. तो वाढला की पिलू. पिलू आईच्या आवरणांना बाहेर ढकलत मोठं होतं, पण तळाच्या चकतीला चिकटूनच राहतं. म्हणून दोन कांदे वेगळे करताना हाताने पिरगळून जेवढे सुटतील तेवढेच सोडवायचे. जोर लावावा लागतोय म्हणजे पिलाची स्वतःची चकती आणि मुळं अजून तयार नाहीत. अशा वेळी सुरी लावायचीच झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला चकतीचा तुकडा आला पाहिजे. त्याशिवाय त्या कांद्याला मुळं फुटायची नाहीत, तो नुसता पानांच्या बुंध्यांचा जुडगा होऊन कुजतो.

(चव घेऊन पाहू नये. या घराण्याच्या कांद्यांत लायकोरीन नावाचं विषारी द्रव्य असतं, पोटात गेलं तर उलट्या सुरू होतात. बकरी म्हणूनच तोंड लावत नाही. रसाने हाताला खाजही सुटते. आमच्यातल्या दोघांनी हातमोज्यांना नकार दिला आणि संध्याकाळपर्यंत कोपर खाजवत बसले.)

हिपिअ‍ॅस्ट्रमच्या कांद्यात एक हिशेब चाललेला असतो. साधारण चार पानं झाली की तो एक फुलाचा कोंब घडवतो, मग पुन्हा चार पानं, पुन्हा कोंब. घडल्यापासून फुलेपर्यंत त्या कोंबाला जवळपास वर्ष लागतं, कधी थोडं जास्तच. म्हणजे यंदाच्या मार्चमध्ये दिसणारं फूल गेल्या वर्षीच कांद्याच्या पोटात तयार झालेलं असतं. पावसाळाभर हिरवी राहणारी पानं पुढच्या फुलांची तरतूद करत असतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सोसायटीची एक शिस्त आठवली. दरवर्षी गणपतीच्या आधल्या रविवारी श्रमदान व्हायचं. मंडपाची जागा साफ, भिंतीला चुना, आणि 'पसारा दिसतो' म्हणून लिलीची सगळी पानं विळ्याने बुडापासून साफ. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात, ऐन कमाईच्या दिवसांत. वर, काही वर्षांपूर्वी त्याच भिंतीला दुचाकींसाठी पत्र्याची शेड झाली, आणि वाफ्यावर सकाळचं ऊन येईना.

दाटी होतीच. कांदा एका ठरावीक जाडीचा झाल्याशिवाय फुलत नाही, आणि ३७ जण एका पाटीत राहिले तर त्या जाडीला एखादाच पोचतो. पण दाटी व्हायच्या आधीपासून आम्ही त्यांची शिदोरी दरवर्षी कापत होतो. उपाशी कांद्याचं फूल जळतं, वर पिलं वाढत राहतात, आणि मग आपण पिलांकडे बोट दाखवतो. बागकामाच्या पुस्तकांत 'दर तीन वर्षांनी कांदे काढून विलग करावेत' हे वाक्य इतक्या वेळा येतं की ते पंचांगातल्यासारखं वाटायला लागतं. माझं मत झालंय की पहार हातात घेण्याआधी वर्षभर नुसती पानं सांभाळून पाहावीत. निम्म्या बंद पडलेल्या लिल्या तेवढ्यानेच बोलू लागतील.

मे फ्लॉवरच्या बाबतीत तर मी स्वतः गुन्हेगार आहे. आठ वर्षांपूर्वी माझ्या कुंडीतली मे फ्लॉवर दाटली असं वाटून मी ती ऑगस्टमध्ये काढली. पानं तेव्हा फूटभर रुंद पसरलेली. 'पावसात लावलं की जगतं' या आपल्या सर्वधर्मी सूत्रावर विश्वास ठेवून कांदे सुटे केले, जाड पांढरी मुळं तुटली तरी मनावर घेतलं नाही, आणि वेगवेगळ्या कुंड्यांत खोल पुरले. पानं आठवड्यात पिवळी पडली. पुढची दोन वर्षं मेमध्ये मी रिकाम्या कुंड्यांकडे बघत चहा प्यायले. ही मूळची आफ्रिकेची. हिचं घड्याळ स्वच्छ आहे. मेच्या तोंडाला फूल, मग पान, दिवाळीनंतर पान जिरतं आणि पुढचे काही महिने कांदा जमिनीत निपचित. हात लावायचा तर त्या झोपेत, आणि तोही शक्यतो लावूच नये. तिला घट्ट कुंडी मानवते. मुळं हलवलेली तिला खपत नाहीत. योगायोगाने आमच्या कराराची ३१ मार्च ही तारीख तिच्या सोयीची निघाली. कोंब डोकं काढण्याच्या बेतात होता, पण मुळं अजून आळसात होती. माळीमामांनी ते गड्डे सोडवलेच नाहीत. मातीसकट पोत्यात गुंडाळून जसेच्या तसे दिले. ते वीतभर खोल निघाले तेव्हा आजी म्हणाल्या, "मी एवढ्या खाली नव्हते लावले." बरोबरच होतं. या कांद्यांची काही मुळं आवळून आखूड होतात आणि कांद्याला दरवर्षी थोडं थोडं खाली ओढत नेतात.

हिपिअ‍ॅस्ट्रमला मात्र हीच तारीख वाईट. दोन कांद्यांना दांडा आला होता, कळी फुगलेली. माळीमामा म्हणाले, दांडा कापा, नाहीतर कांदा फुलात जीव ओतेल आणि मुळं धरणार नाही. आजी तयार होईनात. पाच वर्षांनी फूल येतंय ते कापायचं? शेवटी दांडा कापला. आतून तो बांबूसारखा पोकळ असतो. आजींनी तो तांब्यात उभा केला. तिसऱ्या दिवशी चारी फुलं उमलली, आणि सामानाच्या खोक्यांनी भरलेल्या त्यांच्या घरात आम्ही सगळे एकेक करून ती पाहायला गेलो.

लाल-पांढऱ्या पट्ट्याची ही लिली पाहिली की मला एक घड्याळजी आठवतो. इंग्लंडमध्ये लँकशरमधल्या प्रेस्कॉट गावी आर्थर जॉन्सन नावाचे घड्याळाचे कारागीर होते. १७९९ साली त्यांनी दक्षिण अमेरिकेतून आलेल्या दोन हिपिअ‍ॅस्ट्रमचा संकर केला. या कुळातला तो पहिला संकर मानतात, आणि त्याला त्यांचंच नाव आहे. त्यांनी काही कांदे लिव्हरपूलच्या वनस्पतिउद्यानाला देऊन ठेवले होते. पुढे त्यांचं स्वतःचं काचघर मोडलं, झाडं गेली, पण उद्यानातले कांदे राहिले. तिथून ते जगभर पांगले. आजींच्या माहेरच्या अंगणात पोचले ते तेच होते की त्यांचे चुलत-मावस, हे आता कोण सांगणार? पण एक गोष्ट पक्की. कांद्याची वाटणी म्हणजे नवी पिढी नव्हे. बी पेरलं तर नवं झाड होतं. पिलू लावलं तर तेच झाड दुसऱ्या जागी उभं राहतं. १९७८चे ते तीन कांदे आणि आमच्या नऊ घरांत गेलेली त्यांची सगळी पिलं, हिशेबाने एकच झाड.

स्पायडर लिलीसाठी मी वसईला गेले. गास, निर्मळ, भुईगाव, वाघोली हा वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे वाड्यांचा मुलूख. केळी, नारळ, पानवेल, आणि मधल्या जागेत फुलं. मोगरा, जास्वंद, तगर, आणि ही लिली. आपण हिला हार-तोरणांत पाहतो ते लांब, हिरवट-पांढऱ्या कळीच्या रूपात. उमललेलं फूल बाजारात येतच नाही. फूल उमलतं संध्याकाळी, रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी. त्याचा वास आणि रंग त्यांच्याकरता. माणसांच्या व्यवहाराला मात्र कळी मिटलेलीच लागते, म्हणून पहाटे अंधारात खुडायची, केळीच्या सोपाने जुड्या बांधायच्या आणि पहिल्या गाड्यांनी दादरच्या फूलबाजारात पोचवायच्या. संध्याकाळपर्यंत खपली नाही तर ती फुलते आणि फुललेल्याला गिऱ्हाईक नाही. मी ज्यांच्या वाडीत गेले त्या मावशी पंचेचाळीस वर्षं ही खेप करत होत्या. आता गुडघ्यांमुळे सून जाते.

जूनचे पहिले दोन पाऊस झाले होते. मावशींचा मुलगा एका ओळीचे गड्डे काढत होता. सहा ओळींपैकी एकच ओळ. दर पावसाळ्यात एक ओळ फोडायची, म्हणजे सहा वर्षांनी पहिलीवर परत पाळी येते, आणि पाच ओळींवर घर चालत राहतं. लावलेल्या कांद्याला पहिल्या वर्षी फारशी कळी येत नाही, म्हणून सगळी वाडी एकदम काढणारा उपाशी मरेल, असं तो हसत म्हणाला. सोसायट्यांच्या पुनर्विकासवाल्यांनी याच्याकडे शिकवणी लावायला हरकत नाही. गड्डा निघाला की त्यातला सगळ्यात दणकट कांदा तो त्याच खड्ड्यात परत ठेवत होता. बाकीच्यांची पानं अर्धी कापून, वाळलेली मुळं झटकून दोन-दोन फुटांवर लावत होता. पानं अर्धी का, हे विचारलं. मुळं तुटलेली असतात, ती पूर्ण पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. अर्धी ठेवली की तोल राहतो. म्हणजे पानं कापणं हा स्वतःच गुन्हा नाही. आमच्या श्रमदानात चुकत होतं ते हे, की आम्ही मुळं शाबूत असलेल्या झाडाचं सगळं पान काढत होतो, तेही दरवर्षी.

कांद्याची मान तो जमिनीच्या वर ठेवत होता. मावशी ओसरीवरून लक्ष ठेवून होत्या. "गळ्यापर्यंत पुरू नको रे, श्वास घेऊ दे." त्यांच्या घरात संत योसेफाची तसबीर होती, हातात पांढऱ्या लिलीची काठी. मराठी बायबलात लिलीला भूकमळ असा सुंदर शब्द आहे. तसबिरीतली लिली ती खरी, युरोपातली. मावशी मात्र दोघींत काही फरक मानत नाहीत. सणाला तसबिरीला जुडी वाहिली जाते ती वाडीतल्या लिलीचीच. मला ही वनस्पतिशास्त्रीय चूक दुरुस्त करण्याचं धाडस झालं नाही, इच्छाही झाली नाही.

त्याआधी एप्रिलमध्ये दौंड तालुक्यात, यवतच्या पलीकडे एका गुलछडीच्या शेतावर गेले होते. निशिगंध म्हणा, रजनीगंधा म्हणा, पुण्याच्या मार्केट यार्डात ती गुलछडी. लिली म्हणून तिला कुणी हाक मारत नाही, पण कांदे काढून, फोडून, पुन्हा लावण्याचं काम महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर हिच्यासाठी चालतं, म्हणून गेले. तीन वर्षांचं पीक मोडलं होतं. पाणी तोडून पानं वाळवली होती, आणि लिंबाच्या सावलीत गड्ड्यांचा ढीग. भोवती पाच-सहा बायका बसून बेणं निवडत होत्या. हातात गड्डा घ्यायचा, दोन अंगठे घालून पिळायचा, माती झडते आणि कांदे सुटतात. सुपारीएवढा आणि त्याहून मोठा तो एका ढिगात. त्याहून बारीक दुसऱ्यात, तो वेगळा लावून वर्षभर पोसायचा. आणि मधोमध वाळक्या दांड्याचं खुंट असलेला, चिपाडासारखा हलका कांदा मागे फेकायचा. तो फेकलेला उचलून मी विचारलं, याचं काय?

"तो झाला, मॅडम," एक वहिनी म्हणाल्या. "गुलछडीचा कांदा एकदाच फुलतो. फुलला की संपला. पुढचं फूल त्याच्या पोरांचं."

हे मला नवं होतं. हिपिअ‍ॅस्ट्रमचा कांदा वर्षानुवर्षं फुलतो, पिलं काखेला मारून पुन्हा फुलतो. गुलछडीत आई पहिल्याच फुलात खर्ची पडते. त्यामुळे इथं दाटीचा अर्थच वेगळा. पहिल्या वर्षी प्रत्येक कांद्याचा दांडा, दुसऱ्या वर्षी त्याच्या पिलांचे अनेक, म्हणून पीक भरघोस. तिसऱ्या वर्षी पिलांची पिलं, पण जागा तेवढीच. दांडे आखूड, फुलं बारकी. शेतकरी गड्डा काढतो तो या तिसऱ्या वर्षाच्या शेवटी. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे निशिगंधाला घायपाताच्या कुळात, अ‍ॅगेव्हमध्ये नेऊन बसवलं आहे. आधी मला ते विचित्र वाटलं होतं. बांधावरची काटेरी घायपात कुठे आणि ही सुगंधी छडी कुठे! पण घायपातही आयुष्यात एकदाच फुलते, फुलून मरते, आणि बुडाशी पिलं ठेवून जाते. दोघीही मूळच्या मेक्सिकोच्या.

निवडलेलं बेणं सावलीत महिनाभर पसरून ठेवायचं, मग बुरशीनाशकात बुडवून लावायचं. त्याच शेतात लगेच लावत नाहीत. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी जमिनीत राहतात, त्यांच्यामुळे नवं पीकही खुरटतं. शेतकऱ्याने त्या तुकड्यात झेंडू टाकायचं ठरवलं होतं. झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात, हे शास्त्रही सांगतं, आणि दसरा-दिवाळीचा बाजार हातचा राहतो तो वेगळाच. बेंगळुरूच्या संशोधन संस्थेची 'शृंगार' आणि 'प्रज्वल', राहुरीच्या विद्यापीठाची 'फुले रजनी', अशी जातींची नावं तो बोटांवर मोजत होता. वहिनींना त्यात रस नव्हता. त्यांना विचारलं, ही जात कुठली? "सिंगल." हारवाल्यांना सुटी फुलं लागतात ती सिंगल, गुच्छवाल्यांना दांडे लागतात ती डबल. त्यांच्या दृष्टीने निशिगंधाच्या जाती दोनच.

पावसाळी लिलीबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच तिचं वैशिष्ट्य. मूठभर कांदे कुठल्याही वेळी, कसेही, कुठेही लावा. तिचं शास्त्रीय नाव ग्रीक पश्चिमवाऱ्यावरून आलंय, झेफिरान्थस, आणि नैर्ऋत्येच्या पावसाने उमलणाऱ्या फुलाला ते शोभतंही. तिला दाटीवाटीतच रूप येतं. पाच सुट्या काड्यांना कोण बघतं? पण गालिचा झाला की रस्त्यावरचा माणूस थांबतो. तिचा शत्रू वेगळा. जुलैत काळ्या, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या येतात आणि एका रात्रीत पानांचा फडशा पाडतात. हा लिली मॉथ नावाचा पतंग, विषारी लायकोरीन पचवून जगणारा. औषध फवारण्यापेक्षा सकाळी चिमट्याने वेचणं बरं. आमच्याकडे हे काम दुसरीतल्या एका मुलाने पन्नास पैसे अळीने घेतलं होतं. महिनाअखेर त्याच्या आईने दर कमी करायला लावला.

माती धुतल्यावर एक इशारा मिळाला होता, तोही सांगायला हवा. दोन-तीन कांद्यांच्या आवरणांवर गडद लाल डाग होते. ती बुरशी असते. असा कांदा शेजाऱ्याच्या पिशवीत घातला तर रोगही वाटून दिल्यासारखं होतं. ते आम्ही वेगळे काढले, आणि सुरी दर कापानंतर स्पिरिटने पुसली. घरात मांजर असलेल्यांनी मात्र खऱ्या लिलीपासूनच लांब राहावं. तिच्या पानाचा, फुलाचा, अगदी परागाचाही थोडा अंश मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतो. दुकानातला पांढरा सुवासिक गुच्छ घरात ठेवण्याआधी हे माहीत असावं.

आणि रानातल्या कंदांना हात लावू नये. ऑगस्टमध्ये सिंहगडाच्या वाटेवर कुंपणांतून कळलावी फुलते, पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी. मोह होतो. माझ्या एका मित्राने तिचा कंद आणून, कुंडीत बसावा म्हणून मधोमध मोडून लावला. तो कधीच उगवला नाही. कळलावीचा कंद व्ही आकाराचा, नांगरासारखा असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्यावरूनच. डोळा असतो फक्त टोकाला. मधोमध मोडलात की टोक नसलेला भाग म्हणजे नुसता पिठाचा गोळा, आणि तोही जहाल विषारी. घरात लावली तर भांडणं होतात हा समज आपल्याकडे आहेच. मित्राच्या बायकोने तो समज त्या वर्षी खरा करून दाखवला.

त्या रविवारी दुपारी बारापर्यंत वाफा रिकामा झाला. एकूण २१४ कांदे, पिलं सोडून. वाटणी कशी करायची यावर पार्किंगच्या वेळी झाला होता तेवढा वाद झाला नाही, पण झाला. क्षेत्रफळाच्या प्रमाणात असं एकाने गंभीरपणे सुचवलं. शेवटी आजींनी मोठे कांदे स्वतः निवडून प्रत्येक घराला चार-चार दिले आणि उरलेले ज्याला हवे त्याला. वॉचमनने दोन नेले. चाकांच्या बॅगेत कांदे घालून नेणाऱ्या गृहस्थांनी ते हिंजवडीच्या अठराव्या मजल्यावर लावलेत. वाऱ्याने पानं फाटतात म्हणतात.

माझ्या वाट्याला आलेले चार हिपिअ‍ॅस्ट्रम मी भाड्याच्या घराच्या गॅलरीत दोन कुंड्यांत लावले. कांद्याचा वरचा एक तृतीयांश भाग उघडा, आठ-दहा दिवस जेमतेम पाणी. एप्रिलभर ते मेल्यासारखे होते. मेमध्ये एकाने जीभ बाहेर काढावी तसं पान काढलं. पावसाळ्यात सगळे सावरले. गणपतीच्या आधी मी विळा लपवून ठेवला. आता दिवाळीत एका कांद्याला नऊ पानं आहेत, मी मोजते. येत्या मार्चमध्ये त्याला फूल आलं तर ते जुन्या भिंतीकडेला, पत्र्याच्या शेडखाली घडलेलं असेल. या गॅलरीतल्या उन्हात घडलेलं फूल त्याच्याही पुढच्या मार्चला. आजी आता बाणेरला मुलाकडे असतात. रविवारी फोन करून पानांचा आकडा विचारतात आणि स्वतःचा सांगत नाहीत.

अडचण एवढीच आहे की भाडेकरार अकरा महिन्यांचा, फेब्रुवारीअखेर संपतो. घरमालकांना मी परवा सांगितलं, दोनदा वाढवून द्या. ते म्हणाले, कारण लिहा. मी लिलीचं लिहिलंय.